सोळा खुणांची फेरी

पहिली फेरी संपली तेव्हा त्याला वाटलं, आपले डोळे थकले असतील. दुसरी संपली तेव्हा वाटलं, दुर्बिणीवर धूळ असेल. चार महिने खोली बंद होती, धूळच काय, कोळ्यांनी संसार थाटला असता तरी नवल नव्हतं. त्याने मऊ कातड्याने भिंग पुसलं, बोटाच्या टोकाने शिळेला हलकेच ढकललं आणि पुन्हा तिच्याबरोबर चालू लागला. काळी, जाड, चौकोनी शिळा तेलाच्या हौदात तरंगत होती आणि झोपेत कूस बदलणाऱ्या माणसासारखी, आवाज न करता वळत होती. त्याचा डोळा शिळेवर बसवलेल्या दुर्बिणीला चिकटलेला, पाय आपले आपण जमीन चाचपत चाललेले. एक काळा पट्टा, एक उजळ, परत एक काळा. हौदाभोवती फरशीवर रंगाने काढलेल्या सोळा खुणा होत्या, आणि प्रत्येक खुणेशी पट्टा दुर्बिणीतल्या मधल्या तारेपासून किती सरकला ते मोठ्याने म्हणायचं, हा एकवीस वर्षांचा रिवाज. "शून्य," तो म्हणाला. "शून्य. शून्य. एक... नाही, शून्यच." लेकीने मोबाइलवर आवाज नोंदवायची सोय करून दिली होती, तेव्हा त्याचं शून्य कोणीतरी ऐकत होतं असं म्हणायला हरकत नव्हती. सोळाव्या खुणेशी तो थांबला. पट्टे जागच्या जागी होते. एकवीस वर्षांत ते इतके शहाण्यासारखे कधी वागले नव्हते.

त्याने खुर्ची ओढली आणि बसला. बाहेर हिवाळ्याची सकाळ होती, खोलीत गार, तेलकट वास होता, आणि जाड पडद्यांच्या फटीतून पूर्वेच्या खिडकीतला उजेड सुरीच्या पात्यासारखा आत आला होता. ती फट मुद्दाम ठेवलेली. खोली अंधारी हवी, पण लिहिणाऱ्याला वही दिसायला हवी. आता लिहिणारं कोणी नव्हतं आणि उजेड उगाचच फरशीवर पडला होता. हिवाळा हा त्याच्या वाऱ्याचा, हे पट्टे सरकवणाऱ्या वाऱ्याचा, मोसम. उन्हाळ्यात पट्टे जेमतेम दोन-तीन शतांश सरकायचे, पावसाळ्यात पाच-सहा, पण थंडी पडली की अकरापर्यंत सहज जायचे. तारेपासून पट्ट्याच्या रुंदीचे अकरा शतांश. ज्याने आयुष्यभर भिंगं घासली त्यालाच कळेल की हे केवढं मोठं अंतर आहे. आणि आज, ऐन थंडीत, शून्य. एखाद्या घरी वर्षानुवर्षं जात असावं आणि एक दिवस दार उघडणाऱ्याने विचारावं, आपण कोण, तसं त्याला झालं.

खरं तर सगळं एका हशापासून सुरू झालं होतं. तो चष्म्यांची आणि दुर्बिणींची भिंगं घासणाऱ्या कारखान्यात होता, सदतीस वर्षं, पैकी शेवटची पंधरा तपासनीस म्हणून. एकदा कारखान्याच्या सभागृहात विद्यापीठातला एक तरुण विद्वान प्रकाशावर बोलायला आला. गोड बोलत होता, हातही छान हलवत होता. म्हणाला, प्रकाश ही लाट आहे, पण तिला वाहून न्यायला काहीच लागत नाही. जुन्या लोकांनी ईथर नावाचं एक सर्वव्यापी काहीतरी कल्पिलं होतं, ते आता मोडीत निघालं. आणि प्रकाशाचा वेग सगळ्यांना सारखाच दिसतो, मग तुम्ही धावा की बसा. तेव्हा हा मागच्या रांगेतून उभा राहिला. हात काचेच्या पांढऱ्या भुकटीने माखलेले होते, ते त्याने पाठीमागे धरले होते. "साहेब, लाट म्हणता, तर ती कशाची लाट?" विद्वान हसला. वाईट हसला नाही, लहान मुलाच्या प्रश्नाला हसतात तसा हसला. म्हणाला, "काका, तुम्ही भिंग घासा, ते आमच्यापेक्षा तुम्हालाच चांगलं जमतं." सगळे हसले. तोही हसला, न हसून सांगतो कुणाला. पण ते हसू त्याच्याबरोबर घरी आलं, जेवायला पानावर बसलं, अंथरुणात शिरलं. बायकोला त्याने विचारलं होतं, "अगं, लाट म्हटली की कशाची तरी असायला नको का?" ती केस विंचरत होती. दातात धरलेली पिन काढून म्हणाली, "असायला हवी ना. दुःखाची, थंडीची, कशाची तरी. नुसती लाट कशी असेल?" तेवढं त्याला पुरलं. त्याच्या बाजूने झालेलं ते पहिलं मतदान.

निवृत्त झाल्यावर त्याने ही मागची खोली घेतली. कारखान्यातून भंगारात निघालेले आरसे मागून आणले, पुन्हा घासले, पुन्हा चांदी चढवली. शिळा एका थडगी घडवणाऱ्याकडून आणली; तो गडी विचारत राहिला, नाव काय कोरायचं. किरण एकच, पण मधल्या काचेवर तो दुभंगतो, एक अर्धा सरळ जातो, दुसरा काटकोनात वळतो, दोघे आरशांवर आपटून माघारी येतात आणि जिथे भेटतात तिथे हे काळे-उजळ पट्टे उमटतात. पृथ्वी जर ईथरमधून धावत असेल तर वाऱ्याच्या तोंडावर गेलेल्या किरणाला परतायला क्षणाच्या लक्षाव्या भागाच्याही लक्षाव्या भागाने उशीर होणार, आणि पट्टे सरकणार. पुस्तकं म्हणतात, सरकत नाहीत. त्याच्या खोलीत सरकले. पहिल्यांदा सरकले तेव्हा बायको चहा घेऊन आत येऊन खिडकीशी उभी होती, आणि त्याने तिला हाताला धरून दुर्बिणीशी आणलं होतं. "वाहतोय बघ," म्हणाला, "सगळ्या भिंतींतून आरपार, तुझ्यामाझ्यातूनसुद्धा वाहतोय." तिने दुर्बिणीला डोळा लावला. मग म्हणाली, "सुंदर आहे." मग, "पण तुम्ही एका हाताने लिहिताय नि एका डोळ्याने बघताय. पडाल एखाद्या दिवशी हौदात. आणा ती वही इकडे."

असं तिचं तिथलं बसणं सुरू झालं. तीन पायांचं एक लाकडी स्टूल, मांडीवर वही, खांद्यावर शाल. तो फिरता फिरता आकडे टाकायचा, ती टिपायची. शिळेला ती सवत म्हणायची. दाराशी उभी राहून विचारायची, "सवत उठली का? की अजून नखरे चाललेत?" लेक लहान होती तेव्हा तिला वाटायचं सवत हे यंत्राचंच नाव आहे, शाळेत 'माझे वडील' या निबंधात तिने लिहिलं होतं, माझे बाबा दररोज सवतीभोवती फिरतात, आणि बाईंनी घरी चिठ्ठी पाठवली होती. लिहिताना बायको तोंडातल्या तोंडात काही गुणगुणायची. तिच्या आईकडून आलेल्या चालीवर तिचेच शब्द असत, आणि ते त्याला इतक्या वेळा ऐकू आलेले की आता खोलीतला गारवासुद्धा त्याच चालीत वाटे:

फिर गं फिर शिळे, तुझं फिरणं सरेना,
आकड्यांची ओंजळ माझी भरता भरेना.

"गप्प बस जरा, चुकेल," तो म्हणायचा. "माझी नाही चुकत," ती म्हणायची, आणि खरंच, एकवीस वर्षांत चुकली नव्हती.

तीन दिवस त्याने यंत्र खोललं, जोडलं. आरसे सरळ केले, तेल गाळलं, दिव्याची वात बदलावी तशी दिव्याची नळी बदलली. सकाळी, दुपारी, संध्याकाळी फेऱ्या केल्या. शून्य. पंधरा दिवसांवर सभा आली होती. त्यांच्यासारख्यांची वर्षातून एकदा सभा भरे, कुठल्यातरी शाळेचा सुट्टीतला वर्ग मागून. दहाबारा डोकी: एक निवृत्त गणित शिक्षक, जो त्यांचं त्रैमासिक चालवी आणि ज्याला सगळे संपादक म्हणत, एक विजेचा कंत्राटदार, एक दातांचे डॉक्टर, एक बाई ज्या नकाशे काढायच्या नि काळ हा आखडतोबिखडतो हे मानायला साफ नकार द्यायच्या. प्रत्येकाचं विश्व निराळं होतं. एकाचं दुसऱ्याला पटत नसे, पण सगळे एकमेकांचं शेवटपर्यंत ऐकून घेत, आणि हे त्यांना दुसरीकडे कुठे मिळालं नव्हतं. त्यांच्याकडे विचार पोत्याने होते. मोजलेलं मात्र एकच होतं, ते याचं. तिथे त्याला काचवाले म्हणत. "काचवाले बोलले की माझ्या अंगात दहा माणसांचं बळ येतं," संपादक म्हणायचे. यंदा एकवीस वर्षांचा गोषवारा तो वाचणार, हे त्यांनी त्रैमासिकात चौकट टाकून छापलं होतं. आता तिथे उभं राहून काय सांगायचं? की बायको गेली आणि विश्वाचा वारा पडला?

चौथ्या दिवशी, रविवारी, लेक आली. ती दर रविवारी येत असे, यायची तशी आली, डबा फ्रिजमध्ये ठेवला, दोन खोल्या झाडल्या आणि मग त्याला शोधत मागे आली. "बाबा, जेवलात का काल?" "जेवलो." "काय?" तो दुर्बिणीचं भिंग पुसायला लागला. ती हसली नाही, रागावलीही नाही. आईचं स्टूल पूर्वेच्या फटीशी होतं तिथे जाऊन बसली आणि पिशवीतून संत्रं काढून सोलायला लागली. "फिरा तुम्ही तुमचे. मी बसते जरा, पाय दुखलेत." त्याने बोटाने शिळा ढकलली. चौथ्या खुणेशी त्याने डोळा आणखी दाबून लावला. पट्टा सरकत होता. आधी कळेल न कळेल असा, मग सरळ, दांडगाईने, तारेच्या पलीकडे. "सहा," तो म्हणाला. "आठ. नऊ. अगं, नऊ." "काय नऊ?" "आला. परत आला." त्याने डोळा काढला नाही. नाकात संत्र्याच्या सालीचा वास, डोळ्यात पाणी, पाण्यातून पट्टा अंधुक दिसणारा, म्हणून तो पापण्या मिटून मिटून बघत राहिला. यंत्र हट्टी होतं, चार महिने रुसलं होतं, आता रुसवा गेला, असं काहीबाही तो पुटपुटत होता. मग लेकीचा फोन वाजला. ती बोलत बोलत बाहेर गेली, व्हरांड्यात, दार लोटून. तो पुढच्या फेरीला निघालाच होता. तीन. एक. शून्य. शून्य. शून्य.

तो उभा राहिला. शिळा त्याच्यावाचून थोडी पुढे गेली आणि थांबली.

माणसाला एखादी गोष्ट कळते तेव्हा ती डोक्यात आधी येत नाही. हातांना आधी कळते. पंधरा वर्षं भिंगं तपासताना त्याला ठाऊक होतं की घासलेलं भिंग हातात धरून लगेच मोजायचं नाही, हाताच्या उबेने काच फुगते. तासभर लाकडी घोड्यावर ठेवून मगच मोजायचं. नव्या पोरांना तो हे पहिल्याच दिवशी शिकवायचा, दमात घेऊन शिकवायचा. त्याचे हात आता त्याच्यासमोर लोंबत होते आणि त्यांना सगळं समजलं होतं. त्याने लेकीला हाक मारली. "आत ये. बस तिथे." "बाबा, फोन..." "बस म्हणतो ना." ती बसली. तो फिरला. नऊ. "आता उठून त्या पश्चिमेच्या खिडकीशी जा. स्टूल घेऊन जा." ती गेली. वारा तिच्याबरोबर गेला. आता बाराव्या खुणेशी नऊ. तिने तोंडातली संत्र्याची फोड गिळली आणि हळूच विचारलं, "काय झालं, बाबा?" "काही नाही," तो म्हणाला. "तू तापलेली आहेस." "मी?" "सगळीच माणसं असतात."

एका प्राध्यापकाने त्याला वीस वर्षांत तीन पत्रं लिहिली होती. बाकीचे उत्तरच देत नसत. पहिल्या पत्रात होतं: तापमान तपासलंत का? त्याने चार भिंतींवर चार तापमापक लावले आणि मोठ्या तोऱ्यात कळवलं, चारही एका दशांशाच्या आत सारखे आहेत. दुसऱ्यात होतं: किरणांच्या वाटेवर काचेचं झाकण घालून बघा. त्याने उत्तर लिहिलं, झाकणाने ईथरच अडेल, खिडकी लावून घेऊन वारा नाही म्हणण्यासारखं ते होईल. हे वाक्य त्याला इतकं आवडलं होतं की त्याने बायकोला दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यात एकच प्रश्न होता: दिशा दिवसभर फिरते म्हणता, ती ताऱ्यांच्या घड्याळाने, म्हणजे रोज चार मिनिटं लवकर, फिरते की सूर्याच्या? आणि त्याने बघितलं होतं, सूर्याच्या. सकाळी पूर्वेकडून, दुपारी दक्षिणेकडून, उतरत्या उन्हात पश्चिमेकडून. यावरून त्याने एक स्वतंत्र सिद्धांत काढला, की सूर्य ईथरला आपल्यामागे ओढत नेतो. सात पानं. संपादकांनी विशेषांक काढला होता. आता रिकाम्या खोलीत, पश्चिमेच्या फटीतल्या उजेडात, ते स्टूल तसंच उभं होतं. तो स्वतः शिळेबरोबरच फिरत असे, म्हणून त्याची ऊब सगळ्या खुणांशी सारखीच; एका जागी बसणारी ती होती. तिला लिहायला उजेड लागायचा. सकाळी ती पूर्वेच्या फटीशी बसायची, दुपारी दक्षिणेच्या, मग पश्चिमेच्या. एकदा म्हणाली होती, "अहो, एक लहानसा दिवा द्या ना मला वहीपुरता, किती सरकायचं सारखं?" त्याने सांगितलं होतं, दिवा नको; दिव्याच्या उष्णतेने मोजणी बिघडेल. ती "बरं" म्हणाली आणि स्टूल उचलून खिडकीकडे गेली. सूर्याने ईथर ओढला नव्हता. स्टूल ओढलं होतं.

आणि हिवाळा. हिवाळ्यात खोली गार, माणूस तेवढाच ऊन, म्हणून फरक मोठा. उन्हाळ्यात खोलीच अंगाएवढी तापलेली, म्हणून वारा पडलेला. पृथ्वीची कक्षा, सूर्याची धाव, दोहोंची बेरीज-वजाबाकी, किती आकृत्या त्याने काढल्या होत्या. एवढा मोठा देखावा, आणि त्याच्या मागे शाल पांघरून बसलेली एक बाई.

लेकीला त्याने सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आई मोजली जात होती." "हो." "एकवीस वर्षं." "हो." "तिला कळलं असतं तर केवढी हसली असती." ते खरं होतं, आणि दोघेही थोडे हसले, आणि हसणं संपल्यावर दोघांनाही एकमेकांकडे बघवेना. वह्या कपाटात होत्या, एकोणचाळीस. तो त्या एकेक काढून वाचायला लागला, पण आता तो आकडे वाचत नव्हता, तिला वाचत होता. एका वसंतात दहा दिवस सगळे आकडे निम्मे. तेव्हा ते भांडले होते, तिच्या बहिणीकडे जाण्यावरून, आणि ती वही घेऊन पार दाराशी बसली होती, बोलत नव्हती, टिपत मात्र होती. त्या दहा दिवसांवर त्याने लिहिलं होतं, ईथरमधील तात्पुरता अडथळा. एका हिवाळ्यात आकडे हळूहळू वाढत गेलेले. तेव्हा तिचे डोळे अधू झाले होते आणि ती फटीच्या, म्हणून शिळेच्याही, जवळ जवळ येत गेली होती. चष्म्याचा नंबर वाढलाय हे तिने पुढे दोन महिन्यांनी सांगितलं. भिंग तपासणाऱ्याच्या घरात.

मग तेराचा दिवस आला. सभेतल्या सगळ्यांना तो तोंडपाठ होता. एकवीस वर्षांत अकराच्या वर गेलेला एकच दिवस, एकच सलग सकाळ, वीस फेऱ्या, प्रत्येक फेरीत तेरा. संपादकांनी तो आकडा त्रैमासिकाच्या मुखपृष्ठावर कायमचा बसवला होता, मोठ्या ठशात. त्या दिवशी त्याला थांबवेना. दहा फेऱ्यांनंतर बायको म्हणाली, "झालं का?" तो म्हणाला, "आता कसं होईल, आज तर उधाण आहे." अजून दहा. लेकीने वहीतली तारीख वाचली. "ही सोळा तारीख," लेक वहीवर वाकली होती, "माझी परीक्षा होती तो आठवडा." ती थांबली. "बाबा, त्या आठवड्यात आईला ताप होता. मी दुपारी घरी आले तर ती पडली होती, भट्टीसारखी. मी म्हटलं, बाबांना सांगू? तर म्हणाली, नको, आज ते फार खूश आहेत." तिने वही मिटली नाही. बोटाने तो आकडा झाकला फक्त. "तुम्हाला माहीत नव्हतं?" तो "नाही" म्हणाला. ते म्हणताना त्याच्या लक्षात आलं की वहीतलं त्या दिवशीचं अक्षर जराही हललेलं नाही. सोळा खाने, वीस ओळी, तीनशे वीस आकडे, सगळे सरळ. तो तिच्यापासून हातभर अंतरावरून वीस वेळा गेला होता. वीस वेळा. एक डोळा दुर्बिणीत आणि दुसरा मिटलेला.

पुढचे दहा दिवस त्याने काम केलं. मोजणं सोडून दुसरं काही त्याला येत नव्हतं. पाण्याचा एक मोठा डबा स्टुलावर ठेवला, वर तिची शाल घातली, कारण कपड्याशिवाय हिशेब चुकला असता. डब्यात कोमट पाणी, मग त्याहून ऊन, मग त्याहून. खोलीपेक्षा एक अंश जास्त, पट्टा एक शतांश. दोन अंश, दोन. सरळ रेषा आली, त्याच्या आयुष्यातली सगळ्यात सरळ रेषा. लेक एकदा दाराशी येऊन शालीतल्या डब्याकडे बघत उभी राहिली आणि परत गेली. सभेला न जाण्याचाही विचार त्याने केला. शून्याच्या फेऱ्या पुसून टाकता आल्या असत्या. जुने आकडे खोटे नव्हतेच, प्रामाणिकपणे घेतलेले होते, वाचून दाखवायला काय हरकत होती? संपादक ब्याऐंशीचे होते, त्यांना छातीचं दुखणं होतं. आणि ते गेले, ती माणसं पांगली, तर त्याला काचवाले म्हणून हाक मारणारं तरी कोण उरणार होतं? रात्री नाही, भर दुपारी, हात धुता धुता त्याला हे वाटून भीती वाटली. बायको असती तर काय म्हणाली असती, ते आठवायचा त्याने प्रयत्न केला. पण आठवलं ते एवढंच, की ती आकडा टिपण्याआधी तो एकदा स्वतःशी म्हणून बघायची, आणि मगच लिहायची.

वर्गातली बाकं लहान होती, सगळ्यांचे गुडघे वर आलेले. विजेचे कंत्राटदार भिंतीला टेकून उभेच राहिले. फळ्यावर कुणीतरी मागच्या तासाचे भागाकार तसेच ठेवले होते. त्याने कागद काढले आणि वाचले. शून्याच्या फेऱ्या, लेक, स्टूल, खिडक्या, डबा. संपल्यावर दातांच्या डॉक्टरांनी घसा खाकरला. "म्हणजे काचवाले, तुम्ही पण त्यांच्यातच गेलात म्हणायचं."

"मी कुठे जातोय," तो म्हणाला. "ईथर नाहीच असं मी म्हणत नाही. माझ्या खोलीत मला तो दिसला नाही, इतकंच."

"एकवीस वर्षं दिसला की."

"ती बायको होती."

नकाशेवाल्या बाई हातातल्या रुमालाची घडी घालत, उलगडत होत्या. "माझ्या मनात नेहमी यायचं," त्या म्हणाल्या, "की तुमचं हे सगळं लिहून कोण घेतं. विचारायचं राहून गेलं." कंत्राटदार म्हणाले, त्यांच्याही मंडळींना एकदा यंत्रापाशी बसवून बघायला हवं, वादळच यायचं; एकदोघे हसले, आणि हसून झाल्यावर सगळ्यांना जरा मोकळं वाटलं. फक्त संपादक हसले नाहीत. ते उठून त्याच्या बाकापाशी आले, लहान बाकावर त्याच्याशेजारी कसेबसे बसले. त्यांच्या हातात पुढच्या अंकाचं मुखपृष्ठ होतं. "काचवाले," ते हलक्या आवाजात म्हणाले, "हा तेरा काढला तर आपल्याकडे राहतं काय? दर अंकाला इथे तो असतो. लोक काहीही बोलोत, मी सकाळी उठून हा आकडा बघतो. ही जागा रिकामी ठेवू?"

"काढू नका. आकडा बरोबर आहे."

"मग?"

"खाली दोन ओळी घाला. हिशेब करून आणलाय." त्याने खिशातून चिठ्ठी काढली, पण ती वाचली नाही, पाठच होती. "नेहमीपेक्षा दोन शतांश जास्त, म्हणजे दोन अंश सेल्सिअस. नोंद करणाऱ्या बाईंना त्या सकाळी एकशे दोन ताप होता. दुसरी ओळ: निरीक्षकाच्या लक्षात आलं नाही."

संपादकांनी पेन काढलं. शाळामास्तरी अक्षरात त्यांनी पहिली ओळ लिहिली, मग दुसरी लिहिली. पेनाचं टोक त्या दुसरीवर ठेवून म्हणाले, "ही राहू द्या ना. कशाला? पहिलीत सगळं येतंच."

"नको, असू द्या," तो म्हणाला. "बाकीचं सगळं तिने लिहिलंय. एवढं एक निरीक्षण माझं आहे."